सागवानी खांदा

भारतीय स्त्रीच्या खांद्याचा जितका सखोल अभ्यास ताईंनी केला, तितका आजवर कोणी केला नसेल.

हे वाक्य माझं आहे. ठाण्याच्या एका मॉलमध्ये त्यांचं चामड्याच्या बॅगांचं दुकान आहे, तिथे ते पितळी पाटीवर कोरलेलं आहे. पाटीवरच्या वाक्यांत सहसा जेवढं खरं असतं त्यापेक्षा यात बरंच जास्त आहे. अभ्यास सखोल होता. बावीस वर्षं चालला होता. फक्त तो एकाच खांद्याचा होता. तो खांदा त्यांचा स्वतःचा, उजवा होता, आणि तो वाकडा होता. हे शेवटचं कळायला आम्हां सगळ्यांना जो उशीर झाला, त्यात कंपनी बुडता बुडता राहिली.

ताई एसटीत कंडक्टर होत्या, खोपट डेपोत. राहायला कल्याणला. वयाने मी त्यांच्याहून मोठा, पण जिने निम्मं आयुष्य जगाला “पुढे सरका” म्हणण्यात घालवलं, तिला ताईच म्हणावं लागतं. कंडक्टरच्या खांद्याला चामड्याची बॅग असते. तिच्या पट्ट्याची खांद्याला लागणारी बाजू खरखरीत असे, आणि ती खाकी शर्टाचा खांदा खाई. शर्ट बाकी सगळा धड आणि उजव्या खांद्यावर भोक, असं डेपोतल्या प्रत्येकाचं होतं. सगळे ते भोक रफू करून आणत. भोक पडूच नये म्हणून काही करता येईल, हे फक्त ताईंना सुचलं. कल्याण स्टँडसमोर चपला शिवणारे एक काका बसत. त्यांच्याकडून ताई आरी धरायला शिकल्या, आणि एका सुटीच्या दिवशी त्यांनी आपल्या बॅगेचा पट्टा उसवून उलटा शिवला. गुळगुळीत बाजू खाली, खरखरीत वर. शर्ट वाचला.

शोध एवढाच. पुढचं सगळं याच्यावर उभं राहिलं.

डेपोतल्या कंडक्टरांनी आपापले पट्टे आणून दिले. मग कोणी बायकोसाठी हातात धरायची पर्स सांगितली, कोणी मुलीला कॉलेजात न्यायला पाठीवरची बॅग. महिला कंडक्टरांनी तर स्वतःसाठीच सांगितल्या, एकीच्या बॅगेला कप्पा जास्त निघाला तर दुसरी दोन जास्तीचे मागे. पहिली दहा वर्षं ताईंचं गिऱ्हाईक म्हणजे एसटी, आणि त्या अभिमानाने सांगत की इतक्या वर्षांत पट्ट्याबद्दल एकाचीही तक्रार आली नाही. हे वाक्य मीच त्यांच्या पुस्तिकेत घातलं. तेही खरं होतं.

नोकरी सोडल्यावर त्यांनी कल्याणला एक गाळा घेतला, मग टिटवाळ्याला नव्या इमारतींच्या मागे दुसरा. बॅगांना नावं दिली ती थांब्यांची. ‘गोवेली’ ही रोजची खांद्याची बॅग. ‘माझिवडा’ला दोन कप्पे आणि चार चेनी, कारण तिथे सगळीकडून रस्ते येतात. ‘कापूरबावडी’ ही लग्नाकार्याला न्यायची इवलीशी, सोनेरी कडीची. एका फॅशनच्या मासिकातल्या बाई मला फोनवर म्हणाल्या, “कापूरबावडी इज सच अ लिरिकल नेम.” मी म्हटलं, हो, विशेषतः सिग्नलला अर्धा तास उभं राहिल्यावर.

माझा तिथे प्रवेश झाला तो प्रूफं तपासण्यासाठी. डोंबिवलीच्या एका छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझी नोकरी संपली होती. ताईंना आपली पुस्तिका मराठीत आणि बिनचूक हवी होती. पहिल्या दिवशी मी टेबलापाशी उभा राहिलो, तर त्या नमस्कार वगैरे न करता म्हणाल्या, “पिशवी ओता.”

“म्हणजे?”

“तुमची पिशवी. इथे ओता. सगळ्यांना ओतावी लागते.”

कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाची, विशेषतः प्रत्येक बाईची, बॅग त्या टेबलावर रिकामी करत. कामाला आलेली, माल घ्यायला आलेली, वर्गणी मागायला आलेली, कोणीही असो. काय काय निघालं त्याची यादी भिंतीवर खडूने वाढत जाई. औषधं, अर्धा पापड, देवाचा अंगारा, नवऱ्याचं आधार कार्ड, दोन मुलींच्या दोन वेगळ्या वेण्यांच्या रिबिनी. आमच्या डिझायनर, तिशीतल्या आणि शिकलेल्या, मुलाखतीला आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेतून एक पेचकस निघाला. ताईंनी पोर्टफोलिओ उघडलाच नाही. “उद्यापासून ये,” म्हणाल्या.

माझ्या पिशवीतून दोन पेनं, भिंग, शेंगदाण्याची पुडी आणि एक जाडजूड पुस्तक निघालं. पुस्तक त्यांनी हातात तोलून पाहिलं.

“हे रोज नेता?”

“रोज.”

“वाचता?”

“काही दिवस.”

“मग बाकीचे दिवस कशाला नेता?”

याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. त्या दिवसापासून त्या मला लेखक म्हणू लागल्या. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे.

त्यांच्या सॅम्पल रूममध्ये खुर्ची नव्हती. मुद्दाम नव्हती. “बसलेल्या माणसाला वजन कळत नाही,” असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्या बॅगांपुरतंच म्हणत असत असं मला कधी वाटलं नाही. छताखालून एक दोरी गेलेली होती आणि टोकाला भंगारातून आणलेली एसटीची घंटा. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. चर्चा लांबली की ताई एक घंटा मारत. काय करायचं ते ठरलं की दोन. दोन घंटांनंतर बोलणाऱ्याकडे कोणी पाहत नसे. मी अनेक साहित्यसंस्थांच्या सभा पाहिल्या आहेत आणि प्रत्येक ठिकाणी मला त्या दोरीची आठवण येते.

पण सगळ्यांत मोठा प्रकार म्हणजे ड्युटी. नवी बॅग तयार झाली की ती ड्युटीला जाई. म्हणजे ताई ती भरून खांद्याला लावत आणि कल्याणहून मुरबाडच्या एसटीत बसत. बसत म्हणजे चढत. जाऊन येऊन पूर्ण वेळ उभ्या. गाडी रिकामी असली तरी उभ्या. बॅगेत भिंतीवरच्या यादीप्रमाणे सामान, तीन पुडांचा डबा, भरलेली पाण्याची बाटली, छत्री, उरलेल्या वजनाला कांदे, आणि वर दुधाच्या दोन पिशव्या. दूध फुटलं तर बॅग नापास. खांद्यावर लाल वळ उठला तर बॅग नापास. “ताई, जागा आहे की, बसा,” असं एखादा प्रवासी म्हणे, आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ते वजनाचं वाक्य त्याला मिळे.

नव्या बॅगा वाढल्या आणि रोज मुरबाड जमेना, तेव्हा ताईंनी एका सुताराला बोलावून स्वतःच्या खांद्याचं माप दिलं. मान, दोन्ही खांदे आणि पाठीचा वरचा भाग, सागवानी लाकडात, स्टँडवर. सुतार सुतळीने माप घेता घेता थांबला.

“ताई, तुमची उजवी बाजू दीड बोट वर येते.”

“तुमची सुतळी वाकडी असेल.”

“सुतळी कशी वाकडी असेल?”

“मग फळी असेल.”

“फळी चांगली आहे, ताई. बघून आणलीय.”

“मग तुम्ही वाकडे बघताय.”

सुताराने दिसला तसा खांदा केला. खऱ्या कारागिराचा हाच दोष असतो. त्याला जे दिसतं तेच तो करतो. त्या दिवसापासून प्रत्येक बॅगेचा पट्टा त्या सागवानी खांद्यावर बेतला जाऊ लागला.

मग मुंबईचे साहेब आले. त्यांच्या कंपनीची बऱ्याच मॉलमध्ये दुकानं होती. माणूस मराठी, हुशार, बुटात मोजे नाहीत. त्यांनी ताईंच्या बॅगा आपल्या दोन दुकानांत तीन महिने ठेवून पाहायच्या, आणि जमलं तर ठाण्याच्या मॉलमध्ये ताईंच्या नावाचं स्वतंत्र दुकान काढायचं, असं ठरलं. ताईंनी त्या भरवशावर टिटवाळ्याच्या गाळ्यात बावीस बायका शिकवून तयार केल्या. बहुतेक आंबिवली-टिटवाळ्याकडच्या. त्यांतली एक पॅकिंगची पाच वर्षांची नोकरी सोडून आलेली. ती मला एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, “सर, तुम्ही लिहिताना जरा जोर लावा हां. मी तिकडचं सोडून आलेय.” तिला वाटत होतं की बॅग माझ्या वाक्यांवर खपते. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

तीन महिन्यांनी साहेब सॅम्पल रूममध्ये आले, लॅपटॉप उघडला आणि इकडेतिकडे पाहिलं.

“मॅडम, खुर्ची?”

“इथे कोणी बसत नाही, साहेब. बोला.”

ते उभ्याउभ्या बोलू लागले. ब्रँडचा वारसा, ब्रँडचा आत्मा, ग्राहकाचा भावनिक प्रवास. प्रवास शब्द आला तेव्हा ताईंनी एक घंटा मारली. साहेब दचकून छताकडे पाहू लागले.

“काम काय आहे ते सांगा,” ताई म्हणाल्या.

साहेबांनी लॅपटॉप मिटला. तेव्हापासून तो माणूस मला आवडू लागला.

“मॅडम, बॅग सुंदर आहे. कस्टमर उचलतात, आरशात बघतात, घेतात. आणि आठ दिवसांनी परत आणतात. गठ्ठ्याने परत आल्यात. सगळ्यांचं म्हणणं एकच. पट्टा घसरतो.”

“घसरत नाही.”

“माझ्याकडे मेल आहेत, मॅडम.”

“माझ्याकडे खांदा आहे.”

ताईंनी ‘गोवेली’ उचलून सागवानी खांद्यावर टाकली आणि कांद्यांची पिशवी आत ठेवली. बॅग जिथल्या तिथे. त्यांनी स्टँड गदागदा हलवला. बॅग जिथल्या तिथे. “बायका चालतात वाकड्या,” ताई म्हणाल्या. “त्याला मी काय करू?”

साहेबांनी शांतपणे सांगितलं की नवा माल महिन्याभरात हवा. तोही परत आला, तर त्यांची कंपनी बॅगा ठेवणार नाही आणि ठाण्याचं दुकान होणार नाही. सॅम्पल रूमच्या पडद्यामागे बायकांच्या मशिनी थांबल्या होत्या, म्हणजे पलीकडे सगळ्या ऐकत होत्या.

तेव्हा डिझायनर म्हणाल्या, “ताई, एक सांगू का? पट्ट्याच्या खाली खरखरीत बाजू घेऊ. घसरणारच नाही.”

मी ताईंना चिडलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, पण त्या दिवशी त्या चिडल्या नाहीत. हळू बोलल्या, हे वाईट होतं.

“पोरी, ती बाजू खांद्यापासून लांब न्यायची म्हणून मी हे सगळं काढलं. तीच परत लावू?”

मग ताई साहेबांकडे वळल्या. “उद्या सकाळी कल्याण स्टँडला या. ड्युटीला. बॅग तुमच्या खांद्यावर. घसरली तर मी ऐकेन.” आणि दोन घंटा मारल्या.

साहेब आले. पांढरा लिननचा शर्ट, खांद्याला भरलेली ‘गोवेली’. मी आणि डिझायनर मागे. गाडीवर कंडक्टर होत्या ताईंच्या जुन्या सोबती, खोपटहून कल्याणला बदलून आलेल्या. त्यांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“काय गं, आता बॅगेला माणूस ठेवलायस?”

“साहेब आहेत. त्यांचं तिकीट फाड. फुल.”

“आणि तुझं?”

“हाफ. बाईमाणूस आहे मी अजून.”

“बघून वाटत नाही,” म्हणत त्यांनी तिकीट दिलं.

बॅग पहिल्यांदा घसरली ती शहाडच्या पुलावर. साहेबांनी ती वर घेतली. म्हारळला पुन्हा घसरली. वरप येईपर्यंत ते दर दोन मिनिटांनी खांदा उडवू लागले, माशी बसलेल्या बैलासारखा. दुधाच्या पिशव्या अजून शाबूत होत्या, पण साहेबांचा चेहरा राहिला नव्हता.

“दादा, तिरकी घाला की गळ्यात,” खिडकीपाशी बसलेल्या एका आजी म्हणाल्या.

“तिरकी नाही घालायची, आजी. शोल्डर बॅग आहे.”

“मग हाताने धरा.”

“धरून कसं? हात मोकळे राहतात असं लिहिलंय ना आत.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बॅगेतल्या चिठ्ठीवर ‘हात मोकळे ठेवणारी बॅग’ असं मीच लिहिलं होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

“तुम्हाला सवय नाही, साहेब. आणा इकडे,” म्हणत ताईंनी बॅग घेतली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि दोन्ही हात सोडून चालत्या गाडीत उभ्या राहिल्या. कांब्याच्या पुढे रस्त्याला खड्डे आहेत. मी दोन्ही हातांनी दांडी धरली होती. ताई जागच्या हलल्या नाहीत आणि बॅगही हलली नाही. “बघा,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी बॅग कंडक्टरबाईंना दिली. त्यांनी आपली बॅग डाव्या बाजूला सरकवली, ‘गोवेली’ उजव्या खांद्याला लावली आणि चार तिकिटं फाडून आल्या. खिळा मारल्यासारखी राहिली.

“दोघी विरुद्ध एक,” ताई म्हणाल्या.

“थांबा, मॅडम,” साहेब म्हणाले. त्यांच्यात आता शाळेतल्या हट्टी मुलाचं काहीतरी जागं झालं होतं. बॅग डिझायनरकडे दिली. घसरली. माझ्याकडे दिली. घसरली, आणि माझ्या पायावर पडली, कांद्यांसकट. आजी म्हणाल्या, “मला द्या बघू.” त्या उठल्या, खांद्याला लावली, घसरली. “शोभेची आहे,” म्हणून त्या पुन्हा बसल्या.

साहेब गाडीच्या मागच्या बाजूला गेले. पुढे ताई आणि कंडक्टरबाई शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोघींची पाठ आमच्याकडे. साहेबांनी फोनवर फोटो काढला आणि आणून ताईंच्या हातात दिला.

फोटोत दोन पाठी होत्या. दोन्हींचा उजवा खांदा वर. दीड बोट. जणू दोघींना कोणी काहीतरी विचारलं आहे आणि दोघी एकदमच अर्ध्या खांद्याने ‘मला काय माहीत’ म्हणताहेत.

“अगं बाई,” कंडक्टरबाई फोटोत डोकावून म्हणाल्या, “आपण अशा उभ्या असतो?”

ताईंनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

“आणि आपण दोघीच कशाला? आपला सगळा डेपो असाच आहे की गं. तो नाही का लांबचा रूट करायचा, त्याचा तर कान टेकायचा खांद्याला.”

ती गोष्ट त्या सहज बोलून पुढच्या प्रवाशाकडे गेल्या. पण आम्हां चौघांना तिथे उभ्याउभ्या सगळं कळलं. पैशांची बॅग घसरू नये म्हणून कंडक्टर तो खांदा नकळत वर धरतो, वर्षानुवर्षं धरतो, आणि मग तो तसाच राहतो. गुळगुळीत पट्टा त्या खांद्यावरून घसरत नाही. पहिली दहा वर्षं ताईंचं गिऱ्हाईक कोण होतं? एकाचीही तक्रार आली नव्हती, आणि येणारही नव्हती. सागवानी खांद्यानेही कधी तक्रार केली नाही, कारण तोही खोपट डेपोचाच होता.

गोवेली आलं. ताईंनी हात वर केला आणि दोरी ओढली. एक घंटा. गाडी थांबली.

“अगं, तू नोकरी सोडलीस,” कंडक्टरबाई मागून ओरडल्या.

“उतरायचंय,” ताई म्हणाल्या.

आम्ही चौघे फाट्यावर उतरलो. टपरीवर चहा सांगितला. साहेब एकदा माझ्याकडे, एकदा डिझायनरकडे पाहत होते. करार संपला की सुरू झाला, हे त्यांना कळत नव्हतं. मलाही नव्हतं. बावीस वर्षं एक गोष्ट खांद्यावर वाहिलेल्या माणसाला ती चुकीची निघाली असं सांगायची कुठली रीत मला माहीत नाही, आणि मी बरीच पुस्तकं वाचली आहेत.

ताईंनी चहा संपवला. पेला खाली ठेवला.

“सुताराने सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “फळी चांगली होती त्याची.”

मग साहेबांना विचारलं, “किती दिवस उरले?”

“एकोणतीस.”

“पुष्कळ आहेत. चला, उलटी गाडी पकडू.”

दुसऱ्या दिवसापासून चार दिवस ताई टेप घेऊन कल्याण स्टँडवर उभ्या होत्या. येईल त्या बाईचा खांदा मोजायचा. उंची, उतार, रुंदी. मी मागे वही घेऊन. एका शाळेतल्या बाईंनी विचारलं, “माप घेताय ते ठीक आहे, पण ब्लाऊज कधी देणार?” एक मासळी विकणारी आगरी मावशी टोपली उतरवून उभी राहिली आणि टेपकडे संशयाने बघत म्हणाली, “माझा खांदा कनाला मोजतेस गो बाय? आमी भार डोक्यावर नेताव, खांद्यावर नाय.” ताईंनी तरी मोजला. तो सगळ्यांत सरळ निघाला. त्याची त्यांनी वहीत वेगळी नोंद करायला लावली.

चौथ्या दिवशी त्यांनी डिझायनरना हाक मारली.

“पोरी, ती तुझी खरखरीत बाजू.”

“हो, ताई.”

“कपडा खाईल.”

“घासून मऊ करू. आणि पूर्ण पट्ट्याला नको. मधे, खांद्यावर टेकते तेवढीच, चार बोटं.”

“तीन,” ताई म्हणाल्या. “चार कशाला?” एवढी माघार घेतल्यावर एक बोट तरी आपलं राहिलं पाहिजे, हे मला समजलं. डिझायनरनाही समजलं. तीन बोटं ठरली.

ते तीन बोटांचे तुकडे ताईंनी स्वतः घासले. बावीस बायका मशिनींवर, आणि ताई त्यांच्यामध्ये उभ्या, पॉलिश पेपर हातात, आयुष्यभर जिच्याशी भांडण होतं त्या बाजूला मऊ करत. प्रत्येक तुकडा गालाला लावून बघायच्या. पॅकिंगची नोकरी सोडून आलेली तिसऱ्या दिवशी म्हणाली, “ताई, द्या, मी घासते.” ताईंनी तिला निम्मे दिले.

माल वेळेवर गेला. दीड महिन्याने साहेबांचा फोन आला. ताईंनी स्पीकर लावला.

“मॅडम, एकही परत नाही आली.”

“यायची कशाला?” ताई म्हणाल्या, आणि दोन घंटा मारल्या. पडद्यामागून मशिनींच्या वर आवाज आला तो टाळ्यांचा.

त्यांनी आपली चूक कधी कबूल केली असं म्हणता येणार नाही. “माझा खांदा चुकीचा नाही, तो कंडक्टरचा आहे,” असं त्या अजून सांगतात, आणि त्यात खोट काढता येत नाही. डेपोतून येणारे पट्टे त्या अजून स्वतः शिवतात, गुळगुळीत बाजू खालीच. नव्या बॅगा आता सहाजणींच्या खांद्यावरून मुरबाडला जातात. ताई बरोबर असतात, पण बघायला. मी एकदा त्यांना त्या गाडीत बसलेलं पाहिलं. माझं लक्ष गेलं हे कळताच त्या उठून उभ्या राहिल्या.

ठाण्याचं दुकान झालं. साहेबांचं म्हणणं पडलं की प्रत्येक मोठ्या ब्रँडला वारसा लागतो आणि आपला वारसा म्हणजे तो सागवानी खांदा. त्याला काचेची पेटी केली, आतून दिवा, खाली पितळी पाटी. वाक्य माझ्याकडून मागवलं. मी लिहिलं होतं, ‘भारतीय स्त्रीच्या एका खांद्याचा’. पाटी आली तेव्हा ‘एका’ नव्हतं. विचारलं तर साहेब म्हणाले, जागा पुरली नाही. उद्घाटनाला ताईंनी पाटी सावकाश वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “जोर लावलात.” टिटवाळ्याच्या बावीसजणी आल्या होत्या, प्रत्येकीच्या खांद्यावर ‘गोवेली’. त्यांनी पेटीसमोर फोटो काढले.

गेल्या महिन्यात मी तिकडे गेलो होतो. काचेच्या पेटीत आता दिवाळीचा नवा माल ठेवला आहे. खांदा दुकानाच्या दाराशी आणून ठेवला आहे, पाटीसकट. मॉलच्या दाराशी येणाऱ्यांच्या बॅगा तपासणारी बाई कामावर येताना त्यावर आपली डब्याची नायलॉनची पिशवी अडकवते.

ती घसरत नाही.